आईच्या बॅगेत बाटली नको

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. आमच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होत असल्यामुळे मी, पत्नी, माझी ७४ वर्षांची आई, साडू, मेहुणी आणि साडूंचे एक मित्र सपत्नीक, असे सात जण सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर चार रात्रींसाठी जाणार आहोत. आमच्यापैकी चौघे मद्य घेतात. जहाजावरचे दर फार असतात, म्हणून व्हिस्की शाम्पूच्या आणि माउथवॉशच्या बाटल्यांत भरून न्यायची, आणि म्हाताऱ्या माणसाची बॅग कोणी उघडत नाही म्हणून त्यांतल्या दोन बाटल्या आईच्या औषधांच्या बॅगेत ठेवायच्या, असे साडूंनी ठरवले आहे. माझ्या वडिलांनी दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या शेतात वाइनची द्राक्षे लावली होती. ती द्राक्षे ज्या वायनरीला जातात तिथली एक बाटली लग्नाच्या वाढदिवसाच्या जेवणाला उघडावी, अशी माझी इच्छा आहे. तीही पाण्याच्या बाटलीत ओतून नेऊ, असे साडू म्हणतात. सगळेच असे करतात आणि पकडले तरी फक्त फेकून देतात, हे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही, पण विरोध केला तर मी चिकट आणि भित्रा ठरेन. काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आईंची बॅग ही आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. क्रूझच्या धक्क्यावर प्रवासी आपले मोठे सामान कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन करतात. ते एक्स-रे यंत्रातून जाते आणि काही तासांनी केबिनच्या दारापाशी येऊन पोहोचते. ज्या बॅगेबद्दल शंका येते ती बॅग मात्र दारापाशी येत नाही. ती सुरक्षा विभागाच्या खोलीत थांबते, आणि तिच्यावरील चिठ्ठीवर ज्यांचे नाव असते त्या प्रवाशाला तिथे बोलावून, स्वतःच्या हाताने ती उघडायला सांगितले जाते. तुमच्या बेतानुसार त्या चिठ्ठीवर तुमच्या आईंचे नाव असेल. म्हाताऱ्या माणसाची बॅग कोणी उघडत नाही हा समज निराधार आहे, कारण यंत्राच्या पडद्यावर वय दिसत नाही. तिथे सेंद्रिय पदार्थ नारिंगी आणि धातू निळे दिसतात, आणि गोळ्यांच्या पाकिटांशेजारी काठोकाठ भरलेल्या दोन मोठ्या बाटल्या असतील तर पाहणाऱ्याची नजर तिथेच थांबते.

मी अनेक वर्षे ज्येष्ठ नागरिकांच्या सहलींबरोबर प्रवास केला आहे, आणि असा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडलेला आहे. आमच्या गटातील एका आजींच्या बॅगेत त्यांच्या मुलाने खोबरेल तेलाच्या निळ्या बाटलीत रम भरून ठेवली होती. आजींना त्याची कल्पना नव्हती. तपासणीची खोली चांगलीच थंड होती, आणि तिथल्या अधिकाऱ्याने ती बाटली नुसती तिरकी करून पाहिली. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजू लागते, हे समुद्रकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही, आणि त्या खोलीतील गारठ्यात बाटलीतला द्रव पाण्यासारखा वाहत होता. आजींनी बाटलीकडे पाहिले, दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिले आणि ती आपलीच आहे असे सांगितले. कोणी त्यांच्याशी उद्धटपणे वागले नाही. बाटली रिकामी करण्यात आली, एका कागदावर त्यांची सही घेण्यात आली आणि त्यांना जाऊ देण्यात आले. परंतु पुढचे तीन दिवस त्या जेवणाच्या दालनात आल्या नाहीत. जे काही खाल्ले ते केबिनमध्येच. मुलाला झालेला पश्चात्ताप खरा होता, पण त्याचा त्या तीन दिवसांना काही उपयोग झाला नाही. तुमच्या आई काय करतील हे मला ठाऊक नाही, पण तुम्हाला ते बहुधा ठाऊक असेल.

आता ‘फक्त फेकून देतात’ या म्हणण्याविषयी. बहुतेक वेळा तेवढेच होते, हे मी मान्य करते, कारण तुमच्या साडूंना खोटे पाडण्यासाठी भीती फुगवून सांगणे मला योग्य वाटत नाही. मात्र तिकीट घेताना आपण जो प्रवासकरार मान्य करतो, त्यात नियम मोडणाऱ्याला जहाजावर चढू न देण्याचा किंवा पुढच्या बंदरात उतरवण्याचा अधिकार कंपनीने सहसा राखून ठेवलेला असतो. उतरवलेल्या माणसाला स्वखर्चाने घरी परतावे लागते. एका बाटलीसाठी सात जणांच्या सहलीवर ही शक्यता टांगती ठेवायची का, एवढाच हिशेब आहे. शिवाय जहाजापर्यंत पोहोचण्यापूर्वी तुम्हाला विमान गाठायचे आहे, आणि तिथे साडूंची योजना आधीच मोडते. २४ ते ७० टक्के मद्यार्क असलेले पेय चेक-इन सामानातून प्रत्येकी ५ लिटरपर्यंत नेता येते, पण ते विक्रीच्या मूळ बंद बाटलीत असावे लागते. व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची असते, त्यामुळे शाम्पूच्या बाटलीत ओतलेली व्हिस्की क्रूझच्या नियमाआधी विमान वाहतुकीचा नियम मोडते. सिंगापूरच्या सीमाशुल्क विभागाची सवलतही मोजकी आहे. तेथे शुल्काविना नेता येणारे मद्य प्रत्येक प्रौढ प्रवाशामागे २ लिटरच्या मर्यादेत असते, त्यापेक्षा अधिक असल्यास ते जाहीर करून शुल्क भरावे लागते, आणि लपवलेली बाटली ही अर्थातच जाहीर न केलेली बाटली असते.

‘सगळेच करतात’ या वाक्याचा परिणाम काय होतो, याचे एक उदाहरण क्रूझच्याच व्यवसायातले आहे. २०१५ पर्यंत कार्निव्हल या मोठ्या अमेरिकी कंपनीच्या जहाजांवर प्रवाशांना पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या बरोबर नेता येत असत. पाण्याच्या बाटलीत व्होडका, शीतपेयाच्या बाटलीत रम असे प्रकार इतके वाढले की त्या वर्षी कंपनीने बाटलीबंद पाणी आणि इतर बाटलीबंद पेये घेऊन चढण्यास बंदी घातली, आणि नॉर्वेजियन या कंपनीनेही त्याच सुमारास तसाच निर्णय घेतला. ज्यांनी चोरून नेले त्यांनी दुसरी युक्ती शोधली असेल. ज्यांनी कधीच काही चोरून नेले नव्हते, त्या कुटुंबांचे मात्र पाणी गेले.

जहाजावर पेये महाग का असतात, हेही तुमच्या साडूंशी बोलताना उपयोगी पडेल, कारण ‘ते लुटतात, म्हणून आपण लपवतो’ असा त्यांच्या मनातला युक्तिवाद मला दिसतो. क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग तिकिटांबाहेरून, म्हणजे जहाजावरील पेये, दुकाने, सहली आणि कॅसिनो यांतून येतो. आपण भरतो ते तिकीट खोली, चार वेळचे खाणे आणि प्रवास यांच्या मानाने स्वस्त वाटते ते या उत्पन्नामुळेच. म्हणजे महाग पेयांचा आणि परवडणाऱ्या तिकिटाचा व्यवहार एकच आहे, आणि तिकीट घेताना आपण त्याचा फायदा आधीच घेतलेला असतो. याखेरीज एक कारण पैशांचे नाही. बारमधील कर्मचारी प्रवाशाच्या जहाजावरील कार्डावर नोंद करत असतात आणि कोणी अति घेतले आहे असे दिसले तर द्यायचे थांबवू शकतात. बंद केबिनमध्ये, बाल्कनीच्या कठड्यापाशी शाम्पूच्या बाटलीतून किती घेतले याचा हिशेब कोणाकडेच नसतो. भर समुद्रात एक दवाखाना आणि मोजके डॉक्टर असतात, आणि मित्रांच्या आग्रहाखातर पिणाऱ्यांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी पन्नाशीची माणसे असतात, हे मी प्रवासांत वारंवार पाहिले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी तुमचे पत्र मला मनापासून आवडले, त्या दिंडोरीच्या बाटलीकडे येते. २००० साली सुलाची पहिली वाइन आली आणि २००१ मध्ये राज्य शासनाचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले. त्या काळात आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यातील ज्या बागायतदारांनी थॉमसनसारख्या खाण्याच्या द्राक्षांची ओळखीची वाट सोडून शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ किंवा शिराझच्या वेली लावल्या, त्यांनी मोठे धाडस केले होते. लहान मण्यांची, जाड सालीची, बियांची ही द्राक्षे बाजारात पेटीने विकता येत नाहीत. वायनरीने घेतली नाहीत तर ती कोणाच्याच कामाची नसतात. तुमच्या वडिलांनी हा धोका पत्करला, आणि त्या वेलींची छाटणी, विरळणी आणि तोडणी तुमच्या आईंनी डोळ्यांसमोर पाहिली असणार, कदाचित स्वतःच्या हातांनी केलीही असेल. ती वाइन पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतून, लेबलाशिवाय, केबिनचे दार लावून प्यायची, या कल्पनेने मला वाईट वाटले. ओतताना हवा लागलेली वाइन तीन-चार दिवसांत तिचा गंधही गमावते, त्यामुळे जी चव तुम्हाला त्या रात्री हवी आहे ती तशीही मिळणार नाही.

आणि याची गरजही नाही, कारण अनेक जहाजांवर हे नियमात बसते. रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर मद्यपानाच्या कायदेशीर वयाच्या प्रत्येक प्रवाशाला चढण्याच्या दिवशी ७५० मिलिलिटरची वाइनची किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली नेता येते. डिस्नीच्या जहाजांवर प्रत्येक प्रौढाला वाइनच्या दोन बाटल्या किंवा बीअरचे सहा कॅन अशी मुभा आहे. याउलट एमएससीच्या जहाजांवर बाहेरचे मद्य अजिबात चालत नाही. तुम्ही कंपनीचे नाव लिहिलेले नाही, आणि हे नियम मार्गानुसार व काळानुसार बदलतात, म्हणून तुमच्या आरक्षणाच्या कागदांबरोबर आलेले पेयांविषयीचे कलम स्वतः वाचा. एजंटच्या ‘चालते हो’ या उत्तरावर विसंबू नका, कंपनीकडून लेखी उत्तर मागवा आणि ते फोनमध्ये ठेवा.

प्रत्येकी एक बाटली नेता येते असे धरून हिशेब करून पाहा. आईंना आणि इतर न घेणाऱ्यांना यात अजिबात ओढायचे नाही, हे पक्के. घेणाऱ्या चौघांच्या नावावरच्या चार बाटल्या म्हणजे ३ लिटर वाइन होते. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासाप्रमाणे तिचे २० ग्लास होतात, म्हणजे चार रात्रींत प्रत्येकाला पाच. रोज एकाहून थोडे अधिक, तेही आपल्या जिल्ह्यातील आणि स्वतःच्या शेतातील द्राक्षांचे. ज्यांना व्हिस्की हवी आहे त्यांनी एखाद्या रात्री ती बारमध्ये बसून, पैसे मोजून घ्यावी. इतके झाल्यावर शाम्पूच्या बाटल्यांचे कारण कितपत उरते, हे साडूंनाच विचारा.

नेण्याच्या पद्धतीत एक गोम आहे आणि तिथे बरेच लोक फसतात. जहाजावर चढताना परवानगी असलेली बाटली हातातल्या बॅगेत असावी लागते, मोठ्या सामानात नाही. विमानात मात्र हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतले द्रव चालत नाही. म्हणून मुंबईहून निघताना चारही बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. वाइन २४ टक्क्यांपेक्षा सौम्य असल्यामुळे वर सांगितलेली ५ लिटरची मर्यादा तिला लागू होत नाही, तरी बाटल्या सीलबंदच असाव्यात. सिंगापूरला बंदरावर मोठे सामान स्वाधीन करण्यापूर्वी त्या बाहेर काढून ज्याची त्याच्या हातातल्या बॅगेत द्या. वायनरीतून घेतल्याचे बिल जपून ठेवा, आणि चौघांनीही महाराष्ट्राचा मद्यपानाचा परवाना काढलेला नसेल तर काढून घ्या. आजीवन परवान्याला १,००० रुपये लागतात आणि तो असणे नाशिकपासून मुंबई विमानतळापर्यंतच्या रस्त्यावरही बरे. कसाऱ्याचा घाट उतरताना बाटल्या गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवण्यापेक्षा पायाशी ठेवा.

जेवणाच्या दालनात ती बाटली उघडायची असेल तर अनेक कंपन्या कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून वाढण्याचे शुल्क घेतात. नॉर्वेजियनच्या जहाजांवर तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीला १५ डॉलर आकारले जातात. वाढदिवसाच्या रात्रीपुरते ते आनंदाने भरा. वाढणारा माणूस टेबलापाशी येऊन लेबल दाखवतो, तेव्हा ते लेबल आधी आईंना दाखवायला सांगा. त्या घोटभरही घेणार नसल्या तरी त्या शेताची मालकीण म्हणून ते प्रथम त्यांनी पाहावे.

पेयांच्या पॅकेजबद्दल, म्हणजे रोजची ठरावीक रक्कम आधीच भरून पेये घेण्याच्या सोयीबद्दल, तुम्ही विचारलेले नाही, पण साडू दुसरे टोक गाठून ते घ्या म्हणतील, म्हणून सांगते. जाहिरातीत दिसणाऱ्या रोजच्या रकमेवर साधारण १८ ते २० टक्के सेवाशुल्क चढते, आणि चारही दिवसांचे पैसे भरावे लागतात, मग तुम्ही एखादा दिवस बंदरात उतरून संध्याकाळपर्यंत फिरत असलात तरी. काही कंपन्यांत एका केबिनमधील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले की त्याच केबिनमधील इतर प्रौढांनाही ते घ्यावे लागते. आई तुमच्या खोलीत राहणार असतील तर हा प्रश्न आधी विचारून घ्या, नाही तर कधी थेंब न घेतलेल्या बाईंच्या नावावर मद्याचे पॅकेज लागेल. सेवाशुल्कासह रोजची रक्कम एका ग्लासाच्या किमतीने भागा. येणारा आकडा तुम्ही खरोखर घेता त्यापेक्षा जास्त असेल तर पॅकेज तुमच्यासाठी नाही. चौघांनी मिळून चार बाटल्या नेल्यावर तो बहुधा जास्तच असेल.

आईंसाठी आणि न घेणाऱ्या बाकीच्यांसाठीही पिण्याचा विचार करायला हवा, कारण अशा सहलींत सगळी चर्चा घेणाऱ्यांभोवतीच फिरते. जहाजावरचे पाणी समुद्राच्या पाण्यातले क्षार काढून, शुद्ध करून तयार केलेले असते आणि नळाचेही पिण्यायोग्य असते, त्यामुळे बाटलीबंद पाणी विकत घेण्याची गरज नाही. बुफेच्या ठिकाणी साधा चहा, कॉफी आणि गरम पाणी बहुधा तिकिटातच मिळते. आपल्याकडची माणसे विजेची किटली बरोबर घेतात, ती घेऊ नका. तापणारी उपकरणे आगीच्या भीतीमुळे जहाजावर चालत नाहीत आणि तीही त्याच सुरक्षेच्या खोलीत अडकतात. चहाचा मसाला, आवळ्याचे किंवा आल्याचे कोरडे सरबत मिश्रण कंपनीच्या बंद पाकिटात घेतले तर आईंना चार दिवस ओळखीची चव मिळेल.

वाटेत जहाज पेनांग किंवा फुकेतला थांबणार असेल आणि साडूंना तिथे स्वस्त बाटली दिसली, तर ती घ्यायला हरकत नाही. जहाजावर परतताना ती शिडीपाशी जमा करावी लागते आणि शेवटच्या दिवशी परत मिळते. भारतात परतताना प्रत्येकी २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, तेव्हा ती नाशिकला घरी आणून उघडा. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजांबद्दलही वाचक मला विचारतात. त्यांच्यासाठी एवढेच, की गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, मग ते गाडीतून आणले काय किंवा जहाजातून, आणि बंगाराम बेट वगळता लक्षद्वीपमध्ये दारूबंदी असल्याने किनाऱ्यावर उतरताना खिशात काहीही नसावे.

राहिला साडूंशी बोलण्याचा प्रश्न. तुम्ही चिकट ठराल ही भीती मला खरी वाटते, कारण साडू-साडूंच्या नात्यात खर्चाचा आणि धाडसाचा उल्लेख लगेच मानापमानावर जातो. म्हणून सगळ्यांसमोर वाद घालू नका. एका संध्याकाळी त्यांना एकट्याला घेऊन वायनरीत जा, वडिलांच्या वेली त्यांनी पाहिल्या नसतील तर आधी शेतावरून जा, आणि चार बाटल्या त्यांच्याच हातांनी निवडायला सांगा. मग सांगा, की या चार आपण उघडपणे नेणार आहोत, कॉर्केज आणि बारमधील एका रात्रीचा खर्च माझा, कारण लग्नाचा वाढदिवस माझा आहे. पैशांचा मुद्दा तिथे संपतो. त्यांचा अपमान न होता त्यांची योजना मागे पडते, आणि निवड त्यांची असल्यामुळे त्या रात्रीचा मान त्यांनाही मिळतो. इतके करूनही ते ऐकले नाहीत, तर त्यांच्या बाटल्या त्यांच्या नावाच्या बॅगेत राहतील, तुमच्या, पत्नीच्या किंवा आईंच्या नाही, हे एकदाच आणि शांतपणे सांगा. मेहुणीलाही तिच्या बॅगेत काय ठेवले आहे हे विचारून घेण्याचा अधिकार आहे, आणि तुमच्या पत्नीने बहिणीशी तेवढे बोलावे.

निघण्याच्या आदल्या रात्री आईंची बॅग तुम्ही स्वतः, त्यांच्यासमोर भरा. औषधे त्यांच्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांची चिठ्ठी वरच्या कप्प्यात, आणि सरबताची पाकिटे बाजूला. कुलूप लावून किल्ली त्यांच्याच हातात द्या.